बेल वेतन घोटाळा

बेल वेतन घोटाळा : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या बेल या छोट्या शहरात महापौर, नगर परिषदेचे सदस्य आणि नगर व्यवस्थापक यांनी करदात्यांच्या पैशातून स्वतःचे पगार भरमसाट वाढवून घेतल्याचे प्रकरण. ते जुलै २०१० मध्ये उजेडात आले. पुढच्या चार वर्षांत महापौरांसह सात जणांना शिक्षा झाली. शहराच्या पैशाचा हिशेब महापौराला कसा द्यावा लागतो, आणि तो मागणारे कुणी नसले तर काय होते, हे सांगताना अमेरिकेत आजही या प्रकरणाचा दाखला दिला जातो.

बेल लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीपासून आग्नेयेला सुमारे १६ किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ जेमतेम साडेसहा चौरस किलोमीटर, २०१० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३५,४७७. वस्ती बहुतांश लॅटिन अमेरिकी वंशाच्या कष्टकरी कुटुंबांची. त्यांतल्या अनेकांकडे नागरिकत्व नव्हते, म्हणजेच मतही नव्हते. शहराच्या कारभाराची नियमित बातमी देणारे स्थानिक वृत्तपत्रही उरले नव्हते.

कारभाराची घडी अशी होती : मतदार पाच सदस्यांची परिषद निवडून देत, ते पाच जण आपल्यातल्याच एकाला महापौर करत आणि प्रत्यक्ष कारभारासाठी परिषद पगारी नगर व्यवस्थापक नेमत असे. महाराष्ट्रातल्या महापालिकांतही महापौराकडे मान जास्त आणि कार्यकारी अधिकार कमी असतात, मात्र इथल्या आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करते. बेलमध्ये व्यवस्थापकाचा पगार ठरवणारी परिषदच होती आणि परिषदेच्या सदस्यांना काय मिळावे याची वाट व्यवस्थापक काढून देत होता. दोघांचेही हात एकमेकांच्या खिशात.

नगर व्यवस्थापक रॉबर्ट रिझो १९९३ मध्ये वर्षाला ७२,००० डॉलर पगारावर आले. २०१० पर्यंत तो ७,८७,६३७ डॉलरवर गेला होता. तेव्हाच्या दराने हे साडेतीन कोटी रुपयांहून अधिक होतात. राष्ट्राध्यक्षांना त्या वेळी वर्षाला ४ लाख डॉलर मिळत. भत्ते आणि रजेचे पैसे धरले तर रिझो यांचा आकडा १५ लाख डॉलरच्या घरात जाई. त्यांच्या साहाय्यक अँजेला स्पॅशिया आणि पोलीसप्रमुख रँडी अ‍ॅडम्स यांचे पगारही याच मापाचे होते. अ‍ॅडम्स यांना ४,५७,००० डॉलर मिळत, म्हणजे शेजारच्या अवाढव्य लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखापेक्षाही जास्त. अ‍ॅडम्स आणि स्पॅशिया यांचे ई-मेल पुढे न्यायालयात वाचले गेले. बेलचा सगळा पैसा घ्यायला येतोय, अशी थट्टा रुजू होण्याआधी अ‍ॅडम्स यांनी केली होती. सगळे मिळून गलेलठ्ठ होऊ, फक्त अती हावरटपणा नको, अशा आशयाचे उत्तर त्यांना गेले होते.

नगर परिषदेची सदस्यता हे अर्धवेळ काम होते. एवढ्या लोकसंख्येच्या शहरात त्यासाठी कायद्याने महिन्याला ६७३ डॉलर देता येत, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. महापौर ऑस्कर हर्नांडेझ आणि बहुतेक सदस्य घेत होते वर्षाला जवळजवळ एक लाख डॉलर. लोरेन्झो वेलेझ या एकाच सदस्याला मात्र ६७३ डॉलरच मिळत होते. त्यांच्यावर कोणताही आरोप ठेवला गेला नाही.

या उधळपट्टीचा पाया २००५ मध्येच घातला गेला होता. कॅलिफोर्नियात सामान्य कायद्याखाली चालणाऱ्या शहरांना परिषद सदस्यांच्या मानधनावर मर्यादा असते. स्वतःची सनद, म्हणजे शहराच्या कारभाराची स्वतंत्र नियमावली, मंजूर करून घेतलेल्या शहरांना ती लागू होत नाही. बेलने २००५ च्या नोव्हेंबरअखेर फक्त या सनदेच्या प्रश्नावर एक विशेष निवडणूक घेतली. मतदान ४०० हूनही कमी लोकांनी केले आणि त्यांतली बरीच मते टपालाने आली. सनद मिळाल्यावर सदस्यांना निरनिराळ्या प्राधिकरणांवर बसवून प्रत्येकाचे वेगळे मानधन सुरू झाले. शिलकी मालमत्ता, घरबांधणी, वित्तपुरवठा, घनकचरा असे एकेक नाव. त्यांच्या बैठका परिषदेच्या सभेतच एकदोन मिनिटांत आटोपत. घनकचरा प्राधिकरणाने कचऱ्याचे काही काम केल्याचे न्यायालयात दिसले नाही.

एका रहिवाशाला कारभाऱ्यांच्या पगाराविषयी शंका आली. त्याने २००८ मध्ये नगर कार्यालयाकडे रीतसर आकडे मागितले. त्याच्या हाती पडलेल्या कागदावर रिझो यांचा पगार महिन्याला सुमारे १५ हजार डॉलर आणि सदस्यांचे मानधन ६७३ डॉलर असे लिहिले होते. कागद सरकारी होता आणि आकडे खोटे होते. सगळ्या प्रकरणात ही गोष्ट सर्वांत गंभीर म्हणावी लागेल. पगार जास्त असणे वेगळे आणि विचारणाऱ्या नागरिकाला बनावट नोंद देणे वेगळे. रिझो यांच्यावर सरकारी दस्तऐवजात फेरफार केल्याचाही आरोप लागला, तो यातूनच.

लॉस एंजेलिस टाइम्सचे जेफ गॉटलीब आणि रूबेन विव्हेस हे वार्ताहर मुळात शेजारच्या मेवूड शहराच्या आर्थिक अडचणींची बातमी करत होते. मेवूडच्या सेवा बेलकडे सोपवण्याचे घाटत होते. तो धागा धरून ते बेलपर्यंत पोहोचले आणि त्यांनी सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली पगाराचे करार मागवले. बातमी जुलैच्या मध्यावर छापून आली. आठवड्याभरात नगर कार्यालयासमोर शेकडो लोक जमले आणि रिझो, स्पॅशिया व अ‍ॅडम्स यांनी राजीनामे दिले. महापौरांनी आधी रिझो यांची पाठराखण केली, लोक हटत नाहीत असे दिसल्यावर माफी मागितली. या वृत्तमालिकेला २०११ मध्ये लोकसेवेसाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

सप्टेंबर २०१० मध्ये रिझो, स्पॅशिया, महापौर आणि परिषदेचे आजी-माजी सदस्य अशा आठ जणांना अटक झाली. ५५ लाख डॉलरहून अधिक रकमेच्या अपहाराचा आरोप ठेवण्यात आला. परवानगीशिवाय वाटलेली सुमारे १९ लाख डॉलरची कर्जे त्यात धरली होती. राज्याच्या नियंत्रकांनी हिशेब तपासले तेव्हा पगारांपलीकडचेही बरेच निघाले. निवृत्तिवेतनाच्या नावाखाली मालमत्ता कर बेकायदा वाढवला होता. आपल्या घराचा कर जिल्ह्यात जवळपास सर्वांत जड का, याचे उत्तर रहिवाशांना तेव्हा मिळाले. जादा वसूल केलेला पैसा परत करता यावा म्हणून राज्याला वेगळा कायदा करावा लागला. हे सगळे चालू असताना बाहेरची लेखापरीक्षण कंपनी दरवर्षी निर्धोक अहवाल देत होती. पुढे तिला ३ लाख डॉलर दंड झाला.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांना निवडून दिलेला प्रतिनिधी मुदतीआधी परत बोलावता येतो. महाराष्ट्रात नगरसेवकाच्या बाबतीत अशी सोय नाही. बेलमध्ये ‘बास्टा’ या नागरिकांच्या गटाने सह्या गोळा केल्या आणि ८ मार्च २०११ रोजी हर्नांडेझ व त्यांच्या सहकाऱ्यांना मतदारांनी प्रचंड बहुमताने घरी पाठवले. पाचही जागांवर नवे लोक आले.

खटल्यात महापौरांचा बचाव साधा होता. शिक्षण जेमतेम, किराणा दुकानाचा मालक, लोकांनी चांगल्या मनाचा माणूस म्हणून निवडून दिलेले, वकील आणि व्यवस्थापकाने पुढे केलेल्या कागदावर विश्वासाने सही करणारे. यात तथ्य नव्हते असे नाही. रिझो यांच्यापुढे ते भाबडेच होते. पण सही महापौराची होती, आणि वर्षाला लाखभर डॉलरही त्यांनीच घेतले होते. मार्च २०१३ मध्ये ज्यूरीने घनकचरा प्राधिकरणाच्या मानधनाबाबत हर्नांडेझ यांच्यासह परिषदेच्या पाच जणांना दोषी ठरवले, वित्तपुरवठा प्राधिकरणाच्या आरोपांतून सोडले आणि उरलेल्या आरोपांवर तिचे एकमत झाले नाही. परिषदेचे सहावे आरोपी लुईस आर्टिगा पूर्ण सुटले. फेरखटला टाळण्यासाठी पाचही जणांनी पुढे आरोपांना विरोध न करण्याची, म्हणजे गुन्हा कबूल न करता शिक्षा स्वीकारण्याची भूमिका घेतली. २०१४ मध्ये हर्नांडेझ यांना एक वर्ष तुरुंगवास आणि भरपाई, टेरेसा जकोबो यांना दोन वर्षे, तर जॉर्ज कोल यांना नजरकैद अशी शिक्षा झाली. ६९ आरोपांना विरोध न करणाऱ्या रिझो यांना १२ वर्षे आणि स्पॅशिया यांना ११ वर्षे ८ महिने मिळाले. अ‍ॅडम्स यांच्यावर फौजदारी खटला झालाच नाही. बेलमधल्या पगाराच्या आधारे वाढीव निवृत्तिवेतन मिळावे अशी त्यांची मागणी मात्र फेटाळली गेली.

राज्याच्या नियंत्रकांनी २०१० च्या अखेरीपासून शहरे आणि जिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांचे पगार संकेतस्थळावर जाहीर करायला सुरुवात केली. भारताच्या माहिती अधिकार कायद्यात हे कलम २००५ पासूनच आहे : प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांचे मासिक वेतन कुणी न मागताही प्रसिद्ध करायचे असते. आपल्या नगरपालिकेने ते शेवटचे कधी अद्ययावत केले, हे तिच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते.