इस्ट्रोजेन ग्राही

गर्भाशय, स्तन, पोष ग्रंथी (पिट्यूटरी), अस्थी इत्यादींच्या पेशींत असणारी आणि इस्ट्रोजेन हॉर्मोनाशी बद्ध झाल्यावर विशिष्ट जनुकांचे कार्य वाढवणारी वा रोखणारी प्रथिने.

या ग्राहीचा शोध शिकागो विद्यापीठातील एल्वुड जेन्सन व हर्बर्ट जेकबसन यांच्या कामातून लागला. शोधाचे वर्ष काही लेखक १९५८, तर काही १९६२ मानतात. व्हिएन्ना येथील १९५८ च्या परिषदेतील निवेदनापेक्षा सविस्तर निबंधाचे, म्हणजे दुसरे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ट्रिटियमयुक्त (किरणोत्सर्गी हायड्रोजनने खूण केलेले) एस्ट्राडायॉल हे इस्ट्रोजेन अप्रौढ उंदीर-माद्यांना अत्यल्प मात्रेत टोचले असता ते गर्भाशयात व योनिमार्गात टिकून राहिले, स्नायूंतून मात्र लवकर निघून गेले. शिवाय गर्भाशयात त्याचे रासायनिक रूपांतरही झाले नाही. त्यामुळे इस्ट्रोजेन विकरांच्या (एंझाइमांच्या) विक्रियांत भाग घेऊन कार्य करते, ही तोवरची धारणा मागे पडली.

ग्राही पेशीत नेमका कोठे असतो, हा प्रश्न पुढे बराच काळ वादग्रस्त राहिला. जेन्सन आणि जॅक गोर्स्की यांच्या गटांनी १९६८ च्या सुमारास मांडलेल्या द्विटप्पा उपपत्तीनुसार मोकळा ग्राही पेशीद्रव्यात असतो व हॉर्मोनाशी बद्ध झाल्यावर केंद्रकात शिरतो. १९८४ मध्ये मात्र एककृंतकी प्रतिपिंडे (एकाच पेशीच्या वंशजांपासून मिळवलेली, ग्राहीलाच चिकटणारी प्रथिने) वापरून तपासलेल्या ऊतकछेदांत, हॉर्मोन नसतानाही, ग्राही केंद्रकातच दिसला. त्याच वर्षी खुद्द गोर्स्की यांच्या प्रयोगशाळेत केंद्रक काढून घेतलेल्या पेशीभागात तो फारच थोडा आढळला. ऊतक कुटून बारीक करताना केंद्रकाशी सैल जोडलेला मोकळा ग्राही द्रवात उतरतो आणि म्हणून पेशीद्रव्यातला भासतो, हे स्पष्टीकरण आता सामान्यतः मान्य आहे.

ग्राहीचे अल्फा व बीटा असे दोन प्रकार आहेत. अल्फा प्रकाराच्या (५९५ ॲमिनो अम्ले) जनुकाचे कृंतकन (क्लोनिंग) १९८६ मध्ये झाले. बीटा प्रकार १९९६ मध्ये उंदराच्या पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीतून मिळाला.

अंडपुटक (अंडाशयातील अंडे धारण करणारी पिशवी) पक्व होईपर्यंत इस्ट्रोजेन पोष ग्रंथीच्या पीतपिंडकारी हॉर्मोनाचे (एलएच) स्रवण दाबून ठेवते, परंतु इस्ट्रोजेनची पातळी उंचावून काही काळ तशीच राहिली की स्रवणाला उधाण येते आणि अंडमोचन होते. गोनॅडोट्रोपिन-मोचक हॉर्मोन (पीतपिंडकारी हॉर्मोनाचे स्रवण घडवणारे मेंदूतील हॉर्मोन) स्रवणाऱ्या चेतापेशींत अल्फा ग्राही जवळजवळ नसल्याने इस्ट्रोजेनचा हा संदेश किसपेप्टीन (एक पेप्टाइड) स्रवणाऱ्या चेतापेशींमार्फत पोचतो, असे दिसते. उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत या किसपेप्टीन चेतापेशींचा एक समूह दमनाचे, तर दुसरा उद्दीपनाचे काम करतो; प्रायमेट प्राण्यांत ही विभागणी इतकी काटेकोर नाही.

अल्फा ग्राहीचे जनुक निकामी केलेले नर व मादी दोन्ही उंदीर वंध्य असतात (१९९३). हा ग्राही कार्यहीन असलेल्या एका पुरुषाची नोंद १९९४ मध्ये झाली. प्रौढपणीही त्याच्या अस्थींची टोके सांधली गेली नव्हती, उंची वाढत होती आणि अस्थींची घनता कमी होती.