मंगळावर विहीर कुठे खणायची?

एप्रिलात आमच्या शेजारच्या काकांनी सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेला घेतलेल्या नव्या जागेत विहीर खणायला घेतली. जागा घेताना त्यांनी रस्ता बघितला, समुद्र दिसतो का ते बघितलं, पाण्याचा विचार मागाहून केला. कोकणात ही चूक महागात पडते. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पण जांभा तो पिऊन टाकतो आणि पाणी झिरपत उताराने निघून जातं. जुनी माणसं म्हणूनच आधी विहिरीची जागा ठरवायची आणि मग घराची.

काकांनी पाणाड्या बोलावला. त्याने तळहातावर नारळ आडवा ठेवला, जागेत फेऱ्या मारल्या, एका ठिकाणी नारळ उभा राहिला. तिथे तीस फूट खणलं, कोरडं. मग खालच्या अंगाला, पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, जवळ खणलं आणि पंचविसाव्या फुटाला पाणी लागलं. नारळाला पाणी कळत नाही. तळहाताचे स्नायू नकळत हलतात, एवढंच त्यात घडतं. पावसाळी प्रदेशात पुरेसं खोल गेलं की बहुतेक ठिकाणी कधी ना कधी ओल लागतेच, म्हणून पाणाड्याचे बरोबर आलेले अंदाज लोकांच्या लक्षात राहतात आणि चुकलेले विसरले जातात. उतार, झाडोरा, आजूबाजूच्या विहिरींची पातळी हे बघून काकांचे पैसे वाचले असते. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ते पैसे त्यांनी कर्ज काढून उभे केले होते.

विहिरीला पाणी लागलं त्या संध्याकाळी पडवीत बसलो असताना काकांनी विचारलं, "तुझ्या त्या मंगळावर माणसं जाणार म्हणतात, ती पाणी कुठून आणणार?" मी म्हटलं, तिथे बर्फ आहे. "ध्रुवावर ना? मग ध्रुवावरच उतरा की!"

हा प्रश्न मला शाळेतल्या मुलांनीही विचारला आहे. त्याचं उत्तर नीट द्यायचं तर मंगळावर माणसं उतरवायची जागा कशी निवडतात ते जवळजवळ सगळंच सांगावं लागतं. म्हणून हा लेख.

आधी ध्रुवाचं संपवू. २००८ साली फिनिक्स नावाचं यान मंगळाच्या उत्तरेला ६८ अंश अक्षांशावर उतरलं. त्याने फावड्याने थोडं उकरलं तर पांढरे खडे दिसले आणि चार दिवसांत ते नाहीसे झाले. वितळले नाहीत, थेट वाफ होऊन उडाले. बर्फ हाताशी असलेली इतकी चांगली जागा, पण हिवाळा आला आणि यान गेलं. तिथल्या हिवाळ्यात नुसतं पाणी गोठत नाही, हवा गोठते. मंगळाची हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची आहे आणि ध्रुवीय रात्रीत ती गोठून जमिनीवर थराने बसते. त्या बर्फाच्या वजनाने फिनिक्सचे सौरऊर्जेचे पंख मोडले असावेत, असं २०१० साली कक्षेतून काढलेल्या छायाचित्रांवरून दिसलं. महिनोन् महिने सूर्य नाही आणि छपरावर गोठलेली हवा, अशा जागी दीड वर्ष माणसं ठेवायची नाहीत.

विषुववृत्तावर ऊन भरपूर, हिवाळा सौम्य, पण बर्फ नाही. मग या दोन टोकांच्या मध्ये बर्फाची सीमा कुठे? या प्रश्नाचं उत्तर मला फार आवडतं, म्हणून इथे जरा थांबतो.

आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात गार लागतं आणि पौषात पहाटे कोमट लागतं. पाण्याचं तापमान जवळजवळ तेच असतं, बदलते ती बाहेरची हवा. दिवसाची उष्णता जमिनीत लाटेसारखी शिरते आणि खाली जाता जाता विरते. मेच्या दुपारी कातळावर अनवाणी उभं राहवत नाही, पण हातभर खाली त्या दुपारचा पत्ता नसतो. चंद्रयान-३ ने हे आपल्याला फार सुंदर दाखवलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये विक्रमवरच्या चॅस्टे या उपकरणाने तापमापकांची सळई चंद्राच्या मातीत खुपसली. वर पन्नास अंशांच्या पुढे आणि अवघ्या ८ सेंटिमीटर खाली उणे १० च्या आसपास! कोरडी, भुसभुशीत माती म्हणजे उत्तम दुलई.

ही लाट किती खोल जाते ते तिच्या कालावधीच्या वर्गमुळावर अवलंबून असतं. मंगळाचं वर्ष म्हणजे तिथले ६६९ दिवस, आणि ६६९ चं वर्गमूळ साधारण २६. म्हणजे दिवसाची लाट चार सेंटिमीटर शिरत असेल तर वर्षाची, उन्हाळा-हिवाळ्याची लाट मीटरभर शिरते. त्याच्याही खाली ऋतू जवळजवळ नाहीतच. तिथे नांदते ती फक्त वर्षाची सरासरी.

आता बर्फाकडे येऊ. मंगळावर बर्फ टिकणार की नाही हे एका तुलनेवर ठरतं: बर्फातून निघणाऱ्या वाफेचा दाब जास्त की हवेत आधीच असलेल्या वाफेचा? बर्फाचा जास्त असेल तर तो हळूहळू उडून जातो, हवेचा जास्त असेल तर मातीच्या फटींतून वाफ आत शिरून गोठते. मंगळाच्या हवेत पाण्याची वाफ अगदी नावापुरती आहे. सगळी खाली पाडली तर जमिनीवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा थर होईल. तिचा दाब आणि उणे ७५ अंशांच्या बर्फाचा दाब साधारण सारखे पडतात, सुमारे ०.१२ पास्कल. म्हणजे वर्षाची सरासरी उणे ७५ असलेल्या जागी बर्फ टिकायला हवा, असं वाटेल.

पण उघड्यावर तो टिकत नाही. समजा, एका जागी अर्धा वेळ तापमान उणे ५५ आणि अर्धा वेळ उणे ९५ आहे. सरासरी उणे ७५ च. उणे ५५ ला बर्फाच्या वाफेचा दाब सुमारे २.०५ पास्कल असतो आणि उणे ९५ ला ०.००४. दोन्हींची सरासरी काढा: १.०३ पास्कल. ०.१२ च्या साडेआठ पट! तापमानाची सरासरी तीच राहिली, पण बर्फ उडण्याचा जोर साडेआठ पट झाला. कारण हा दाब तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, चक्रवाढ व्याजासारखा उसळतो. एका ऊबदार दुपारी जे गमावलं जातं ते रात्रीच्या थंडीत भरून येत नाही.

म्हणून बर्फाला थंडी जितकी लागते तितकीच स्थिरताही लागते. आणि स्थिरता मिळते मातीखाली. जिथे वार्षिक सरासरी पुरेशी कमी आहे तिथे चढउतार विरतील इतकी माती वर असली की बर्फ लाखो वर्षं राहू शकतो. ध्रुवाजवळ सरासरी खूपच खाली असल्याने बोटभर माती पुरते. विषुववृत्ताकडे सरकत यावं तसा बर्फ खोल जातो, कारण जास्त विरलेली लाट हवी, आणि शेवटी अशी रेषा येते की तिच्यापलीकडे सरासरीच इतकी वर जाते की कितीही खोल गेलात तरी उपयोग नाही. फिनिक्सच्या फावड्याने मातीचं हे पांघरूण काढलं, म्हणून ते खडे उडाले. जेट्टीवर मासे ठेवायला आणलेल्या बर्फाच्या लाद्यांवर भुसा आणि गोणपाट टाकतात, ते याच्याच जवळचं काम. फरक इतकाच की इथे बर्फ वितळू नये म्हणून झाकतात आणि तिथे तो उडू नये म्हणून झाकलेला असावा लागतो.

गणिताने सीमा सांगितली, पण प्रत्यक्ष बर्फ शोधायचा कसा? मंगळाभोवती फिरणारी याने तीन-चार तऱ्हांनी बघतात. अंतराळातून येणारे वैश्विक किरण मातीवर आपटले की न्यूट्रॉन उडतात. गोटी मोठ्या धोंड्यावर मारली तर उसळून परत येते, आणि तेवढ्याच वजनाच्या गोटीवर मारली तर थबकते. न्यूट्रॉनच्या वजनाची गोटी म्हणजे हायड्रोजन, आणि पाण्यात हायड्रोजन भरपूर. न्यूट्रॉन मंदावलेले दिसले की खाली पाणी आहे असं समजतात, पण ही नजर वरच्या मीटरभर थरापुरतीच जाते. शरद नावाचं रडार शेकडो मीटर खोल बघतं, पण पृष्ठभागाच्या परतलेल्या ठोक्यात वरचे काही मीटर झाकोळून जातात. म्हणजे एक मीटर ते दहा-बारा मीटर या पट्ट्यात दोन्ही नजरा अधू, आणि आपल्याला विहीर खणायची ती नेमकी त्याच पट्ट्यात. ही कसर उल्का भरून काढतात. नवी उल्का आदळली की खळगा पडतो आणि कधीकधी त्यात पांढरा बर्फ उघडा पडतो. २४ डिसेंबर २०२१ रोजी झालेल्या आघाताचा भूकंप मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाने नोंदवला. तिथे सुमारे दीडशे मीटर रुंद खळगा आणि विखुरलेले बर्फाचे ठोकळे कक्षेतून दिसले. जागा होती ३५ अंश उत्तर, म्हणजे सीमेच्या अगदी कडेची. हे सगळे पुरावे एकावर एक ठेवून नकाशे तयार करण्याचं काम नासाच्या स्विम या प्रकल्पात झालं आहे.

"मंगळावर तळं सापडलं" ही २०१८ ची बातमी अजून फिरते. ती दक्षिण ध्रुवाजवळ, दीड किलोमीटर बर्फाखालून आलेल्या एका लखलखीत रडार प्रतिध्वनीची होती. तसा प्रतिध्वनी विशिष्ट माती किंवा बर्फाचे थरही देऊ शकतात, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं. तळं असतं तरी तिथे जाऊन घागर भरता आली नसती.

पाणी लागतं ते फक्त पिण्यासाठी नव्हे. चार माणसांना मंगळावरून उठून परत निघायचं तर सुमारे २५ टन ऑक्सिजन आणि ७ टन इंधन लागेल, असा नासाचा अंदाज आहे. एवढं इथून नेणं अवघड, म्हणून ते तिथे बनवायचं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि बर्फाचं पाणी यांच्यापासून मिथेन आणि ऑक्सिजन दोन्ही मिळतात.

पण विहीर चांगली आणि अंगण वाईट असंही चालत नाही. मंगळाची हवा पृथ्वीच्या शंभराव्या भागापेक्षाही विरळ, त्यामुळे यानाला वेग कमी करायला जितकी हवा मिळेल तितकी हवी, म्हणजे जमीन सखल हवी. आजवर तिथे उतरलेलं सगळ्यात जड यान पर्सिव्हरन्स, वजन टनभर. माणसांचं यान त्याच्या कित्येक पट जड असेल. तसं काहीही अजून तिथे उतरवून दाखवलेलं नसताना अमुक साली वसाहत होणार असल्याच्या घोषणा वाचल्या की मला राग येतो, कारण मुलं त्यांवर विश्वास ठेवतात. नेमकेपणा मात्र खरोखर वाढला आहे. १९९७ च्या पाथफाइंडरसाठी उतरण्याची लंबवर्तुळाकार जागा २०० बाय १०० किलोमीटरची धरली होती, क्षेत्रफळाने जवळजवळ दोन रत्नागिरी जिल्हे. २०२१ मध्ये पर्सिव्हरन्ससाठी ती ७.७ बाय ६.६ किलोमीटरवर आली.

सामानाची याने आधी जाणार, माणसं नंतर, तेव्हा सगळी जवळजवळ उतरली पाहिजेत, पण फार जवळही नकोत. १९६९ मध्ये अपोलो-१२ चंद्रावर आधीच उतरलेल्या सर्व्हेयर-३ या यानापासून सुमारे १६० मीटरवर उतरलं, आणि त्याच्या इंजिनाने उडवलेल्या धुळीने सर्व्हेयरचा पृष्ठभाग वाळूने घासल्यासारखा झाला. अंगण कडक, सपाट, धोंडे नसलेलं हवं, आमच्या सड्यासारखं. पाणी मात्र सड्यावर नसतं, ते पऱ्ह्याकडे असतं. मंगळावरही ही ओढाताण आहेच.

आणि शेवटी तिथे जायचं ते कशासाठी? २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनला शास्त्रज्ञ एकत्र जमले आणि मंगळावर माणसं उतरवायला चाळीसहून अधिक जागा सुचवल्या गेल्या. अट अशी होती: मध्यभागी उतरण्याची जागा आणि घर, भोवती सुमारे शंभर किलोमीटरच्या आत अभ्यासाची ठिकाणं, अक्षांश ५० च्या आत, उंची फार नाही. रत्नागिरीला केंद्र धरलं तर दापोली आणि देवगड दोन्ही त्या वर्तुळात येतात, घाटमाथाही येतो. एवढ्या आवारात जुने खडकही हवेत आणि बर्फही हवा. पण प्राचीन तळ्यांचे, जीवसृष्टीच्या खुणा असू शकतील असे खडक बरेचसे विषुववृत्ताच्या जवळ आहेत. पर्सिव्हरन्स उतरलं ते जेझेरो विवर १८ अंशांवर आहे. बर्फ मात्र उत्तरेच्या तरुण मैदानांत. म्हणून आर्केडिया प्लॅनिशिया, ड्यूटेरोनिलस मेन्सी, फ्लेग्रा मॉन्टिस अशी नावं पुन्हा पुन्हा येतात, पस्तीस ते पन्नास अंशांच्या दरम्यानची. ड्यूटेरोनिलसमध्ये दगडमातीखाली झाकलेल्या शेकडो मीटर जाडीच्या हिमनद्या आहेत आणि शेजारी जुन्या उंच प्रदेशाची तुटलेली कडा आहे. मला विचाराल तर माझं मत तिथे.

काकांना मी हे सगळं एका संध्याकाळी सांगितलं नाही, तीन लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, आधी कोणी खणलं नाही का? खणलं होतं. १९७६ च्या सप्टेंबरात व्हायकिंग-२ युटोपिया प्लॅनिशियावर, ४८ अंश उत्तरेला उतरलं. त्याच्या हाताने मातीत चर काढले, माती तपासली, बर्फ लागला नाही. २००९ मध्ये नव्या उल्काखळग्यांतला बर्फ अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा त्या अक्षांशावर बर्फाची पातळी किती खोल असेल ते निघालं. व्हायकिंगचा चर आणखी चार-सहा बोटं खाली गेला असता तर फावडं बर्फावर आपटलं असतं.