वरण-पोळीवर अंग भरत नाही?

पुण्यात पेठेतल्या तालमीपासून कोथरूडच्या जिमपर्यंत एक समज पक्का आहे: मटण-अंडी नसतील तर स्नायू वाढत नाहीत. हे खरं नाही. स्नायूंना दिवसाचं एकूण प्रोटीन पुरेसं लागतं, साधारण वजनाच्या किलोमागे 1.6 ग्रॅम. म्हणजे 65 किलोच्या माणसाला 104.

गाडं अडतं ते वरणावर. वाटीभर पातळ वरणात जेमतेम 5-6 ग्रॅम मिळतं, आणि लोक तेवढ्यावरच भिस्त ठेवतात. त्याऐवजी हिशोब असा (कंसात प्रोटीनचे ग्रॅम): सोयाबीन वड्या 50 ग्रॅम (26), पनीर 100 ग्रॅम (18), अर्धा लिटर दूध (16), सहा पोळ्या (18), 50 ग्रॅम मटकीची उसळ (11), वाटीभर दही आणि मूठभर शेंगदाणे (14). झाले की 103! वड्या आणि मटकी मात्र कोरडीच तोलायची; भिजलेल्या वड्या पाण्याने तिप्पट जड होतात आणि हिशोब फसतो. वड्या गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळल्या की उग्र वासही जातो.

व्यायामात उचलायचं वजन वाढत नसेल, तर कुठलाच आहार कामाचा नाही. बार (वजनं लावायचा लोखंडी दांडा) खांद्यावर घेऊन बैठकांचे 12 रिप्स, म्हणजे सलग 12 बैठका, नीट जमले की बारला अडीच किलो चढवा.