दुदुकमागचा सूर कोणी धरायचा?

दुदुक या आर्मेनियाच्या फुंकवाद्याला सिंथेसायझरची जोड देणाऱ्या आर्मेनियन संगीतकाराला ‘परंपरा बाटवली’ असं ऐकवणारे आजही भेटतात. पण ज्या परंपरेच्या शपथा घेतल्या जातात, तिला सोव्हिएत काळापर्यंतच भरपूर हात लागले होते. एका धर्मगुरू-संगीतकाराने गावोगावची हजारो गाणी लिहून काढली आणि 1912 मध्ये पॅरिसला त्यांतली काही ध्वनिमुद्रित केली. 1915 च्या आर्मेनियन नरसंहारानंतर त्यातली कित्येक गावंच उरली नाहीत. पुढे राजधानी येरेवानमध्ये सरकारी वाद्यवृंद आले आणि त्यांत बसावं म्हणून दुदुकचे खर्जापर्यंतचे आकार घडवले गेले.

खरा वाद मात्र ‘दम’चा. जर्दाळूच्या लाकडाचं हे वाद्य रीतीप्रमाणे दोघं वाजवतात. एक धून वाजवतो. दुसरा गालात हवा साठवून, नाकाने श्वास घेत, एकच सूर अखंड धरतो, तोच ‘दम’. आपल्याकडे सनईच्या मागे सूर देणारा असतो, तसाच. फरक इतका की धुनेचा आधारस्वर सरकला की दम देणाराही जागा बदलतो. ते कानानेच कळावं लागतं. ध्वनिमिश्रणात पहिली गदा आली ती याच माणसावर. त्याच्या जागी सिंथेसायझरचा सपाट, न हलणारा सूर आला आणि मग धूनही त्याच्या मर्यादेत राहू लागली. यंत्राला दोष देण्यापेक्षा हा आळस म्हणावा.

दुदुकला साच्यात बसवण्याची वाट बाहेरूनही मिळाली होती. 1983 ची एक सोव्हिएत दुदुक-तबकडी 1989 मध्ये ब्रिटनमध्ये एका अँबियंट (संथ, वातावरण उभं करणाऱ्या) संगीताच्या संगीतकाराच्या लेबलवर पुन्हा निघाली. त्यानंतर हॉलिवूडला दुदुक म्हणजे वाळवंट आणि विरह, एवढंच ऐकू येऊ लागलं. 2005 मध्ये युनेस्कोने दुदुक-संगीताला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा दर्जा दिला. 2010 च्या युरोव्हिजन या युरोपीय गीतस्पर्धेत, ऑस्लोत, आर्मेनियाच्या गाण्यात एक बुजुर्ग दुदुकवादक मंचावर होता. नियमाप्रमाणे वाद्यसंगीत सगळं आधी मुद्रित केलेलं. गाणं सातवं आलं.

आणि या सगळ्या चर्चेत लग्नाच्या मांडवातलं ‘रबिझ’, म्हणजे आर्मेनियातलं लोकप्रिय गाणं-बजावणं, कोणी धरत नाही. क्लॅरिनेट, धोल आणि कीबोर्ड तिथे केव्हाच एकत्र नांदत होते. ‘तुर्की वळणाचं’, ‘उथळ’ म्हणून अभिजनांनी ते नाकारलं, तरी येरेवानच्या टॅक्सीपासून लॉस एंजेलिसच्या हॉलपर्यंत वाजत राहिलं तेच. आजचे तरुण निर्माते आपला वारसा सांगताना थेट 1912 च्या ध्वनिमुद्रणांकडे उडी मारतात. आई-वडिलांच्या लग्नाची कॅसेट मध्ये येत नाही.