देवाची शस्त्रसामग्री

देवाची शस्त्रसामग्री म्हणजे बायबलच्या नव्या करारातलं एक रूपक, इफिसकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात १० ते १८ या वचनांत येतं. मूळ ग्रीक शब्द पानोप्लिया, म्हणजे पायदळातल्या शिपायाचा डोक्यापासून पायापर्यंतचा सगळा सरंजाम. बोलताना लोक सरळ देवाचं चिलखत म्हणून मोकळे होतात पण चिलखत हा त्यातला एकच नग आहे, सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण (छातीचं चिलखत ते हेच), पायात शांतीच्या सुवार्तेची तयारी, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण आणि आत्म्याची तलवार म्हणजे देवाचं वचन, असे एकूण सहा.

पत्र पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रेषिताच्या नावावर आहे (बरेच अभ्यासक म्हणतात त्याच्या एखाद्या शिष्याने नंतर लिहिलं), आणि पत्रातला पौल कैदेत आहे. म्हणून प्रवचनात हमखास सांगतात की समोर पहाऱ्यावर रोमन शिपाई होता, त्याचा पट्टा आणि टोप बघूनच त्याला हे सुचलं. ऐकायला छान वाटतं पण अर्धंच झालं, कारण उरस्त्राण आणि शिरस्त्राण हे दोन्ही नग जुन्या करारात यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात ५९ व्या अध्यायात आधीच आहेत, आणि तिथे ते घालतो स्वतः देव, न्यायासाठी उभा राहणारा एकही माणूस दिसत नाही म्हणून. कमरेच्या पट्ट्याचं मूळ यशया ११ मध्ये, सुवार्ता आणणाऱ्या पायांचं ५२ मध्ये. म्हणजे हे शिपायाकडून उसनं घेतलेलं नाही, देवाच्या अंगावरचं काढून माणसाला दिलेलं आहे. आणि कुठल्या माणसाला, तर लगेच वरच्या नऊ वचनांत मुलं, बाप, गुलाम, मालक अशा घरातल्याच लोकांना चार गोष्टी सांगितल्यात, त्यांनाच पुढे म्हटलंय की हे अंगावर चढवा. मला तरी सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

आमच्याकडे दिवेलागणीला रामरक्षा म्हणतात, तेही कवचच. डोकं राघवाने राखावं, कपाळ दशरथाच्या मुलाने, असं अवयव धरून देवाचं नाव येतं. इथे मात्र नग धरून गुण येतो, आणि तो आपला आपण चढवायचा असतो.

मराठीत वाचताना एकदोन ठिकाणी डोळ्यासमोर भलतंच चित्र येतं. ढाल म्हटलं की आपल्याला गोल, हातात मावणारी, कासवाच्या पाठीसारखी मराठेशाहीतली ढाल दिसते. ग्रीक शब्द आहे थुरेओस, दाराला थुरा म्हणतात त्यावरून आलेला, म्हणजे दाराच्या फळीसारखी मोठी ढाल, पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने दिलेल्या मापाने साधारण ४ फूट उंच आणि अडीच फूट रुंद, लाकडाच्या फळ्या एकावर एक चिकटवून वर कापड आणि वासराचं कातडं लावलेली. असल्या ढालीमागे माणूस अख्खा लपतो, म्हणून तर जळते बाण विझवायची भाषा आहे. तलवारीचंही तेच, गोव्यात डिचोली-सत्तरीकडे शिगम्यात घोडेमोडणीच्या नाचात मिरवतात तशी लांब तलवार नाही, माखायरा म्हणजे आखूड, जवळून वापरायची. उलट सत्याने कंबर कसा हे मात्र मराठीत फुकटात जमून गेलंय, मूळ ग्रीकमध्येही झगा वर खोचून कामाला लागायचाच अर्थ आहे.

पाठीसाठी चिलखत नाही म्हणजे पळायचं नाही, असंही लोक सांगतात, पण पत्रात पाठीचं नावच नाही आणि रोमन चिलखत पाठही झाकायचं. पत्रात पुन्हा पुन्हा येतं ते उभे राहा, टिकून राहा. चाल करून जा असं कुठे नाही.

गोव्यात हे चिलखत बघायचं तर चर्चमधल्या सांत मिगेलच्या, म्हणजे देवदूत मायकलच्या मूर्तीवर दिसतं, हणजूण आणि ताळगावची चर्चं त्याच्याच नावाची, रोमन थाटाचं उरस्त्राण, हातात तलवार, पायाखाली सैतान. पौलाच्या मूर्तीलाही तलवार असते, परंपरेनुसार त्याचं डोकं तलवारीने उडवलं म्हणून, आणि वचनाची तलवार म्हणूनही. जुन्या गोव्यात त्याच्या नावाच्या सेंट पॉल कॉलेजची आता दर्शनी कमान तेवढी उरलीय, १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना इथेच चालू झाला, म्हणजे तलवार म्हणजे वचन हे शब्दशः घेतल्यासारखंच. चारच वर्षांनी, १५६० मध्ये, त्याच शहरात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं चर्चचं न्यायालय बसलं, आणि इफिसकरांसच्या १२ व्या वचनात तर स्पष्ट लिहिलंय की आपलं झगडणं रक्तामांसाच्या माणसांशी नाही.

यादी तलवारीवर संपत नाही, १८ व्या वचनात प्रार्थना येते आणि तिला कुठलंच हत्यार जोडलेलं नाही. काही जण तिला ओढूनताणून सातवा नग करतात, भाला वगैरे. पौल तिथे माझ्यासाठीही मागा म्हणतो, सुटकेसाठी नाही, तोंड उघडल्यावर धीटपणे बोलता यावं म्हणून, आणि हे सांगताना त्याच्या स्वतःच्या अंगावर बेड्या आहेत.