शॅनन रग्बी क्लब : लिमरिकमधील एका पॅरिशचा प्रवास

आयर्लंडमध्ये रग्बी मुख्यतः खासगी शाळा आणि विद्यापीठे यांच्या मैदानांवर वाढला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचा क्लब तर १८५४ सालचा आहे. लिमरिक शहरात मात्र गोदी कामगारांपासून डॉक्टर-वकिलांपर्यंत सगळेच हा खेळ खेळत, आणि खेळाडूची ओळख शाळेपेक्षा त्याच्या पॅरिशवरून, म्हणजे चर्चच्या हद्दीतील वस्तीवरून ठरे. १८८४ साली सेंट मेरी पॅरिशमध्ये स्थापन झालेला, शहरातून वाहणाऱ्या नदीचेच नाव घेतलेला शॅनन हा क्लब याच परंपरेतला. त्याच वर्षी जन्मलेला लिमरिकचाच गॅरिओवन क्लब मोठमोठ्या स्पर्धा जिंकत असताना शॅननची सुरुवातीची अनेक दशके कनिष्ठ स्तरावर गेली, आणि मन्स्टर या दक्षिणेकडील प्रांतातल्या क्लबांचा मन्स्टर सीनियर चषक त्यांच्या हाती पहिल्यांदा लागला तो १९६० साली.

पुढच्या पिढीने ही उणीव भरून काढली. ३१ ऑक्टोबर १९७८ रोजी लिमरिकच्या थॉमंड पार्क मैदानावर मन्स्टरच्या प्रांतिक संघाने न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाला, म्हणजे ऑल ब्लॅक्सना, १२–० असे हरवले, तेव्हा त्या संघातील ब्रेंडन फोली, कोल्म टकर आणि जेरी मॅक्लॉक्लिन हे तिघेही शॅननचे होते.

तरीही क्लबचा खरा दबदबा निर्माण झाला तो १९९० मध्ये देशभरातील क्लबांची अखिल आयर्लंड लीग सुरू झाल्यानंतर. १९९४-९५ च्या हंगामात एकही सामना न गमावता शॅननने विजेतेपद मिळवले आणि १९९८ पर्यंत सलग चार हंगाम ते आपल्याकडेच राखले. मिक गॅल्वी, अँथनी फोली, एडी हाल्वी अशा फॉरवर्डांच्या, म्हणजे पुढच्या फळीतील धिप्पाड खेळाडूंच्या बळावर हा संघ खेळे: चेंडू धरलेल्या गड्याभोवती सहकाऱ्यांनी घट्ट कडे करायचे, सगळ्यांनी मिळून रेटा द्यायचा आणि एकेक पाऊल गोलरेषेकडे सरकायचे. या खेळाला रुक्ष म्हणणारे अनेक होते. माझ्या मते प्रतिस्पर्ध्याला तो रेटा थोपवता येत नसेल, तर रुक्षपणाचा दोष एकट्या शॅननच्या माथी मारणे बरोबर नाही.

दरम्यान ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बीला व्यावसायिक खेळ म्हणून मान्यता मिळाली, आणि उत्तम खेळाडू हळूहळू क्लबांकडून पगारी प्रांतिक संघांकडे गेले. शॅननने त्यानंतरही २००२, २००४, २००५, २००६ आणि २००९ मध्ये लीग जिंकून एकूण नऊ विजेतेपदांपर्यंत मजल मारली. पण प्रेक्षकांचे लक्ष एव्हाना दुसरीकडे वळले होते. मे २००६ मध्ये कार्डिफ येथे मन्स्टरने फ्रान्सच्या बियारिट्झला २३–१९ असे नमवून आपला पहिला हायनेकेन चषक, म्हणजे युरोपातील क्लब आणि प्रांतिक संघांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकला, तेव्हा ब्रेंडन फोलींचा मुलगा अँथनी मन्स्टरचा कर्णधार होता, आणि इकडे लिमरिकच्या ओकॉनेल स्ट्रीटवर मोठ्या पडद्यासमोर हजारो लोक दाटीवाटीने उभे होते. त्याच हंगामात शॅननने लीगची हॅट्‌ट्रिक पूर्ण केली होती. २००९ नंतर क्लबला लीग जिंकता आलेली नाही. उलट पुढे दुसऱ्या स्तरावर उतरण्याची वेळही त्याच्यावर आली.