मणक्यातला डाग: क्षय, कर्करोग की नुसतं फ्रॅक्चर?

पाठदुखी महिनोन्‌महिने हटत नाही म्हणून एमआरआय होतो, अहवालात ‘गाठ असण्याची शक्यता’ असं येतं आणि घरात कॅन्सरची धास्ती शिरते. आपल्याकडे अशा वेळी क्षयाचा विचार तितक्याच गांभीर्याने व्हायला हवा. मणक्याचा क्षय आणि मणक्यात पसरलेला कर्करोग एमआरआयवर पुष्कळदा सारखे दिसतात.

साध्या एक्स-रेवर हे उशिरा कळतं. हाडातला ३० ते ५० टक्के खनिजांश गेल्याशिवाय त्यावर खड्डा उमटत नाही. एमआरआय थेट अस्थिमज्जा, म्हणजे हाडाच्या आतला मऊ गर, दाखवतो. प्रौढांच्या मज्जेत बरीच चरबी असते आणि एमआरआयच्या ‘टी-वन’ प्रकारच्या चित्रात ती उजळ दिसते. तिची जागा गाठीने किंवा पुवाने घेतली की तो भाग दोन मणक्यांमधल्या गादीपेक्षाही काळा होतो. चरबीची चमक दाबणाऱ्या ‘स्टर’ प्रकारच्या चित्रात तोच भाग पांढरा दिसतो. एवढ्यावरून तिथे काहीतरी आहे इतकंच ठरतं. ते काय, हे आजाराची जागा आणि पसरण्याची रीत पाहून शोधायचं.

क्षय बहुधा गादीलगतच्या हाडात सुरू होतो आणि लागून असलेले दोन मणके धरतो. पू मणक्यांपुढच्या अस्थिबंधाखालून वरखाली सरकतो, कमरेजवळ सोआस या कण्यालगतच्या स्नायूत उतरतो. गॅडोलिनियम हे शिरेतून द्यायचं एमआरआयचं रंगद्रव्य दिल्यावर या गळवाची पातळ, गुळगुळीत कड उजळते. सीटीवर गळवात कॅल्शियमचे कण दिसले तर क्षयाची शक्यता खूपच वाढते. गादी मात्र बराच काळ टिकू शकते, कारण क्षयाच्या जंतूंकडे तिची प्रथिनं विरघळवणारी विकरं नसतात. म्हणूनच ‘गादी शाबूत म्हणजे कर्करोग’ हा सोपा नियम धोक्याचा. क्षय एकाच मणक्यात किंवा फक्त मागच्या कमानीत असेल, तर अनुभवी डोळेही चकतात.

कर्करोग सहसा एकमेकांपासून दूरचे मणके धरतो, मागे पेडिकलपर्यंत (मणक्याला मागच्या कमानीशी जोडणाऱ्या हाडापर्यंत) जातो आणि मणक्याची मागची कड मज्जारज्जूकडे फुगवतो. नुसतं फ्रॅक्चर असेल, म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याने मणका दबला असेल, तर त्यात टी-वनवर काळा पट्टा आडवा असतो आणि उरलेल्या भागात चरबी शाबूत राहते. रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ, हिमॅन्जिओमा, चरबीमुळे टी-वनवरही उजळ दिसते. तिच्यासाठी बायॉप्सीची, म्हणजे तुकडा काढून तपासण्याची, घाई नको.

पेट-सीटीने, म्हणजे ग्लुकोज जास्त शोषणाऱ्या जागा दाखवणाऱ्या स्कॅनने, हा पेच सुटत नाही. क्षयाची जागाही ग्लुकोज शोषते आणि कर्करोगासारखीच चमकते. त्यापेक्षा त्याच एमआरआयमध्ये संपूर्ण पाठकण्याचं उभं चित्र घ्यावं. दुसरीकडे लपलेला आजार त्यात सापडतो आणि त्याला काही मिनिटंच जास्त लागतात.

शंका उरली तर सीटी पाहत सुईने तुकडा काढतात. मोठी चूक पुढे होते: सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये जातो. फॉर्मॅलिन जंतू मारतं, मग कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत) काही उगवत नाही आणि कोणतं औषध लागू पडेल हे कळण्याची संधी जाते. एक भाग फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला द्यावा आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चर व सीबीनॅटसाठी. सीबीनॅट हे जंतूंची जनुकं शोधणारं यंत्र क्षयाचा जंतू आणि रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला त्याचा होणारा विरोध सुमारे २ तासांत सांगतं. नकारार्थी आलं तरी क्षय नाही असं ठरत नाही, कारण हाडाच्या नमुन्यात जंतू कमी असतात. द्रव कल्चरचा अंतिम निकाल यायला ६ आठवडे लागू शकतात.

तुकडा काढण्याआधी स्टेरॉइड सुरू करू नयेत, मात्र पायातली ताकद झपाट्याने जात असेल तर तो निर्णय शल्यचिकित्सकाचा. लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) असेल तर स्टेरॉइडने गाठ आक्रसते आणि सुईत काहीच हाती लागत नाही.